शिंपल्यांच्या खिडक्या, १:५० मापात : एका प्रतिकृतीच्या दुरुस्तीचे प्रकरण

गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या एका जुन्या एकमजली घराची १:५० मापाची प्रतिकृती मडगावच्या एका वाचनालयाच्या दालनात ठेवायची होती. भिंती ३ मि.मी. एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीच्या), छप्पर मंगलोरी कौलांचे, पुढे पायऱ्या चढून जाणारे बाल्कांव (दारापुढची छपराखालची ओसरी) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सोपो (बसायचे कट्टे). हे सगळे नीट जमले होते. दर्शनी भिंतीवरच्या सहा खिडक्या मात्र पहिल्याच पावसाळ्यात गेल्या. शिंपल्यांची तावदाने म्हणून लावलेला ट्रेसिंग पेपर फुगून लाटांसारखा झाला, जेल पेनने आखलेल्या रेषा पसरल्या, दोन झडपा चौकटीतून सुटून आत पडल्या. काम एवढेच होते की बाकी घराला हात न लावता बारा झडपा नव्याने घडवायच्या आणि त्या गोव्याच्या हवेत टिकल्या पाहिजेत.

आधी बिघाडाचे कारण पाहू, कारण नवी रचना त्यातूनच निघाली. कागद दमट हवेत प्रसरण पावतो आणि धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त पावतो. चारही कडा फेव्हिकॉलने पक्क्या केल्या की वाढलेल्या कागदाला सरकायला जागा राहत नाही, तो मधोमध उचलतो. हवा कोरडी झाली तरी उचललेला भाग पुन्हा सपाट होत नाही. पांढरा गोंद स्वतःही ओल धरून मऊ पडतो. जून ते सप्टेंबर गोव्यात हवा सतत दमट, त्यामुळे जाड कागद किंवा चांगला गोंद वापरून हा प्रश्न सुटणारा नव्हता. कागद आणि गोंद दोन्ही काढून टाकणे भाग होते.

दुसरा दोष मापाचा होता. झडपांच्या पट्ट्या १ मि.मी. जाड आणि २ मि.मी. रुंद कार्डाच्या होत्या. १:५० मध्ये याचा अर्थ ५ सें.मी. जाड आणि १० सें.मी. रुंद लाकूड. खऱ्या खिडकीत शिंपले धरणाऱ्या उभ्या पट्ट्या दोन-अडीच सें.मी.च्या असतात. पट्टी चौपट रुंद झाली की शिंपला दिसेनासा होतो, नुसते गज दिसतात.

मूळ वस्तू कशी बांधली आहे

काच दुर्मीळ आणि महाग होती तेव्हा गोव्यात खिडकीला शिंपले लावत. हा शिंपला म्हणजे प्लाकुना प्लासेंटा, चपटा, जवळजवळ गोल, पातळ सोललेल्या अभ्रकासारखा अर्धपारदर्शक. तो कापून चौकोनी करतात, झडपेच्या उभ्या पट्ट्यांना दोन्ही अंगांनी खाच पाडलेली असते, आणि तुकडे वरून एकेक करून त्या खाचेत सोडतात. वरचा तुकडा खालच्यावर थोडा चढतो, म्हणजे पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. गोंद नाही, खिळा नाही. फुटलेला शिंपला बदलायचा तर वरची पट्टी काढून तो बाहेर घेता येतो. लोटली, चांदर भागातल्या जुन्या घरांत अशा खिडक्या अजून आहेत. जवळून न्याहाळायच्या असतील तर बार्देशातल्या तोर्डा येथे ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय आहे. प्रतिकृती करणाऱ्याने तिथे एक सकाळ जरूर घालवावी, फोटोवरून खाच कळत नाही.

या बांधणीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर होते. ट्रेसिंग पेपरच्या खिडक्यांत शिंपल्याचे फक्त दिसणे उतरवले होते. आता खाच उतरवायची ठरली. तावदान चिकटवायचेच नाही, तीन बाजूंनी बंद आणि वरून उघड्या अशा खाचेत ते सोडायचे. मग ते फुगो वा आकसो, त्याला सरकायला जागा असते.

खऱ्या शिंपल्याच्या कपच्या वापराव्यात अशी सूचना या कामात आली होती, ती दोन कारणांनी बाजूला ठेवली. ही जात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. चिखलीच्या खाडीत ती आजही सापडते, म्हणून ती वेचून आणावी असे मुळीच नाही. शिवाय खऱ्या शिंपल्यावरच्या वाढीच्या रेषा खऱ्या मापाच्याच राहतात. दीड मि.मी.च्या चौकोनात त्यातली एक रेषा आली तर तावदानाला तडा गेल्यासारखे दिसते.

मापे

घराची एक खिडकी स्टीलची पट्टी शेजारी धरून, समोरून, लांब उभे राहून झूम करून टिपलेली होती. जवळून टिपलेल्या फोटोत वरच्या ओळी लहान दिसतात आणि मोजणी फसते. त्यावरून एक झडप १५०० × ५०० मि.मी., मधे एक आडवी पट्टी, प्रत्येक खणात चार रांगा, रांगेत दहा शिंपले. म्हणजे झडपेला ८०, सहा खिडक्यांना ९६०.

१:५० मध्ये झडप ३० × १० मि.मी. येते. बाजूच्या उभ्या पट्ट्या १ मि.मी. रुंद, वरची आडवी १.५, मधली १, खालची २. उरलेली उंची २५.५, म्हणजे प्रत्येक खण १२.७५ मि.मी. आणि शिंपल्याची दिसणारी उंची १.२७५. आतली रुंदी ८ मि.मी.; रांगांमधल्या तीन उभ्या पट्ट्या, म्हणजे खाचपट्ट्या, ०.५ च्या धरल्या तर चार रांगा प्रत्येकी १.६२५ मि.मी. खऱ्या मापात तो शिंपला ८१ मि.मी. रुंद होतो, फोटोतल्याशी हे जुळते.

किती बारीक जायचे हेही इथेच ठरवले. दालनात माणूस साधारण ६० सें.मी.वरून, अॅक्रिलिकच्या झाकणातून पाहणार. चांगल्या नजरेला त्या अंतरावरून ०.१७ मि.मी.च्या आसपासचा फरक कळतो. म्हणून ०.२ मि.मी.पेक्षा लहान काहीही घडवायचे नाही, ते रंगाने सुचवायचे. ९६० शिंपले वेगळे कापायचे नाहीत हा निर्णय यातूनच आला. एका झडपेला एकच अखंड तावदान, आणि ओळींचा चढ पेन्सिलीने. वेगवेगळे तुकडे लावले असते तर प्रत्येक चढाला जाडी दुप्पट होऊन खाच मापाबाहेर गेली असती.

सामान

चौकटीसाठी स्टायरीन, म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिक: ०.२५ मि.मी. जाडीच्या तयार पट्ट्या, रुंदी ०.५, १, १.५ आणि २ मि.मी.; आणि मधल्या थरासाठी त्याच प्लास्टिकचा ०.१३ मि.मी.चा पत्रा. स्टायरीन पाणी पीत नाही म्हणता येईल इतके कमी पिते. तावदानासाठी ७५ मायक्रॉन जाडीची, दोन्ही बाजूंनी मॅट असलेली पॉलिएस्टर ड्राफ्टिंग फिल्म, आर्किटेक्ट पूर्वी नकाशे काढायला वापरत ती. ती ओलीने वाकत नाही, प्रकाश पसरवते आणि पेन्सिल उत्तम धरते. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) फिल्म चालत नाही, ती फार पारदर्शक असते. १ मि.मी. अॅक्रिलिकचा विचारच नको, उघड्या झडपेच्या कडेला ते ५ सें.मी.च्या लादीसारखे दिसेल.

जोडायला टॅमियाचे एक्स्ट्रा थिन सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून सांधणारे पातळ द्रावण. पाट्या करणाऱ्यांकडे मिळणारे क्लोरोफॉर्म या कामात घातक, पाव मि.मी.ची पट्टी त्यात बघता बघता वितळते. फेविक्विक तर या खिडक्यांच्या जवळही आणू नये. त्याची वाफ मॅट फिल्मवर बसून पांढरा धुरकट थर येतो, दमट हवेत अधिकच, आणि तो पुसला जात नाही.

झडप म्हणजे तीन थर. पुढचा थर ०.२५, मधला ०.१३, मागचा ०.२५, एकूण ०.६३ मि.मी., खऱ्या मापात ३१ मि.मी.च्या थोडे वर, लाकडी झडपेची जाडी असते तेवढीच. मधला थर ०.५ मि.मी. रुंद पट्ट्यांचा आणि फक्त तीन बाजूंना: डावी, उजवी, खालची. वर मोकळे. ७५ मायक्रॉनची फिल्म १३० मायक्रॉनच्या फटीत सैल बसते. फिल्मचा तुकडा ८.८ × २९.३ मि.मी., म्हणजे रुंदीला ०.२ ची मोकळीक.

दहा झडपा बंद आणि दोन उघड्या दाखवायच्या होत्या. बंद झडपेच्या मागच्या थराला खाचपट्ट्या लावू नयेत. आत दिवा असल्यावर पुढच्या-मागच्या पट्ट्या केसभर जरी हलल्या तरी दुहेरी सावली पडते. उघड्या दोन झडपांना मात्र मागेही लागतात, त्यांची पाठ दिसते.

जोडणी

खाचपट्ट्या एकंदर ८४, बाकीच्या चौकटीच्या पट्ट्या १२०, मधल्या थराच्या ३६. मिळून २४० तुकडे, आणि यातल्या ८४ तुकड्यांवर सगळे अवलंबून आहे. खाचपट्टी १२.७५ मि.मी. लांब हवी. ती ०.१ मि.मी. जरी लांब राहिली आणि दोन आडव्या पट्ट्यांत दाबून बसवली, तर मधोमध जवळजवळ ०.७ मि.मी. बाक येतो, म्हणजे पट्टी स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त वाकते. हे हिशोबाने निघते आणि डोळ्यालाही लगेच खुपते. उलट ती ०.०५ ने आखूड असेल तर फट सिमेंट आणि रंगात भरून जाते. म्हणून नियम असा की आखूड चालेल, लांब नाही.

त्यासाठी सगळ्या खाचपट्ट्या एकाच बैठकीत, एकाच अडणीला (लांबी ठरवणाऱ्या आडव्या तुकड्याला) टेकवून कापल्या. फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर १ मि.मी. स्टायरीनचा काटकोन चिकटवायचा, एका बाजूला अडणी, आणि दाढीच्या ब्लेडने सरळ वरून दाबून कापायचे. ब्लेड पाचरीसारखे असते, ते कापताना एका बाजूला उतार सोडते. ब्लेड असे जरा तिरके धरावे की उभी कड ठेवायच्या तुकड्याकडे येईल आणि उतार टाकायच्या तुकड्याकडे. वीस-पंचवीस काप झाले की ब्लेडची धार मुडपते आणि पट्टी कापण्याऐवजी चेपते. टोक फुगलेले दिसले की ब्लेड बदलावे.

पुढचा थर आधी. ३० मि.मी.च्या दोन उभ्या पट्ट्या काटकोनाला टेकवून ठेवायच्या, मधे ८ मि.मी.च्या तीन आडव्या. मग खाचपट्ट्या. त्यांच्यातले १.६२५ चे अंतर मोजत बसू नये, त्यासाठी ठोकळा करावा: १.५ मि.मी. रुंद पट्टीच्या कडेला ०.१३ चा पत्रा चिकटवला की १.६३ होतो. चार अंतरांत मिळून फरक ०.०२ चा, तो कुणाला दिसणार नाही. ठोकळा सरकवत एकेक पट्टी बसवायची, आणि ठोकळा काढल्यानंतरच सिमेंट लावायचे, नाहीतर तोही झडपेचाच भाग होतो. सिमेंट अगदी बारीक ब्रशने, ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसून, फक्त सांध्याला टेकवायचे. पाव मि.मी.च्या पट्टीला थेंबभर जास्त मिळाले तर ती तासन्‌तास मऊ राहते आणि वाळताना वेडीवाकडी ओढली जाते. झालेले थर रात्रभर दोन काचांमध्ये ठेवावेत.

आता या कामातली सगळ्यात नाजूक जागा. तीन थर एकमेकांवर ठेवून कडेने सिमेंट दिले की ते केशाकर्षणाने आत धावते, कारण १३० मायक्रॉनची फट म्हणजे त्याला आयती वाट. आत गेले की पुढचा आणि मागचा थर एकमेकांना चिकटतात आणि खाच बुजते. पहिल्या नमुना-झडपेत हेच घडले. उपाय असा: खाचेत त्याच पॉलिएस्टर फिल्मचा एक काढता तुकडा आधीच घालून ठेवायचा. हे सिमेंट पॉलिएस्टरला धरत नाही, त्यामुळे तुकडा पाचरीचे काम करतो. सिमेंट बाहेरच्या कडेला चार-पाच ठिपक्यांनी द्यायचे, सलग नाही. दहा मिनिटांनी तुकडा एकदा खालीवर हलवून पाहायचा. अडकला असेल तर तेव्हाच सुटतो, दुसऱ्या दिवशी नाही.

हाच तुकडा रंगकामातही खाचेत राहू द्यावा. प्रायमर आणि रंगाचे दोन हात मिळून खाचेच्या तोंडाशी सहज पन्नास मायक्रॉनचा थर बसतो आणि मोकळीक संपते. रंग बोटाला लागत नाही पण अजून पुरता कडक झालेला नाही अशा वेळी तुकडा ओढून काढला की तोंड स्वच्छ राहते.

रंग

लाकडासाठी कॅमलिनचे कलाकारांचे अॅक्रिलिक पुरेसे आहे, पण उघड्या स्टायरीनवर ते नखाने निघते. खाली प्लास्टिकला धरणाऱ्या प्रायमरचा पातळ हात हवा. पावसाळ्यात स्प्रे कॅनमधला लॅकर मारू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका पडतो. जुन्या सागवानासाठी बर्न्ट अंबरमध्ये थोडे रॉ सिएना, आणि त्यात दहाव्या हिश्श्याइतका फिका बदामी. लहान वस्तूवर मूळ गडद रंग जसाच्या तसा दिला तर तो काळा दिसतो.

तावदानाचे काम सगळ्यात आनंदाचे. फिल्मखाली आखणीचा कागद ठेवून पाठीमागच्या बाजूने, प्रत्येक खणात १.२७५ मि.मी.वर ४एच पेन्सिलीने आडव्या रेषा माराव्यात. इथेच थांबले तर तो वहीचा कागद दिसतो. खऱ्या खिडकीत रेषा नसते. वरच्या शिंपल्याची खालची कड असते, आणि त्या कडेच्या लगेच वर, जिथे दोन शिंपले एकावर एक येतात, तिथे एक जरा सावळा पट्टा असतो. म्हणून प्रत्येक रेषा कागदाच्या टोकदार गुंडाळीने वरच्या दिशेला घासायची, खालच्या नाही. खालची कड तीक्ष्ण, वरची विरत गेलेली. एवढ्या एका गोष्टीने सपाट फिल्मवर चढ दिसू लागतो.

सगळे शिंपले एका रंगाचे नसतात. ८० पैकी दहा-बारा चौकोनांवर रंगीत पेन्सिलीने गेरू, फिकट गुलाबी आणि राखी रंगाचा हलका हात द्यावा, शेजारी शेजारी न येऊ देता. पातळ केलेला अॅक्रिलिक रंग फिल्मवर थेंबाथेंबाने गोळा होतो, पेन्सिलच बरी. मोत्याची झाक पुढच्या बाजूने द्यायची: मोतिया पावडर जितकी बारीक मिळेल तितकी, दहा मायक्रॉनच्या आसपासची, पातळ वॉर्निशमध्ये. पन्नास मायक्रॉनचा कण १:५० मध्ये अडीच मि.मी.चा होतो, म्हणजे खिडकीला जिलेटिन कागद लावल्यासारखी चमचम.

वॉर्निश फक्त पुढच्या बाजूला. मॅट फिल्मचा खरखरीतपणा वॉर्निशने भरला की ती पारदर्शक होते. दोन्ही बाजूंना दिले तर घराच्या आतले एमडीएफ दिसते. या गुणाचा एक चांगला उपयोग मात्र करून घेतला. जुन्या घरांत फुटलेल्या शिंपल्याच्या जागी काचेचा तुकडा बसवलेला आढळतो. पूर्ण घरात फक्त दोन चौकोन निवडून, तिथे पेन्सिलीचा हात न देता, दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा ठिपका दिला. ते चौकोन काचेचे दिसतात. दोनच पुरेत, चार केले की लक्ष तिकडेच जाते.

बिजागऱ्या, कड्या, दिवा

घरगुती लवचीक वायरमध्ये ०.२ मि.मी.च्या तांब्याच्या तारा मिळतात, आकडे आणि कड्या त्याच्या. बिजागरी म्हणजे ०.३ मि.मी. तारेचा २ मि.मी. लांब तुकडा, कडेला आडवा नव्हे तर उभा. मुठीसाठी मॉडेल किटच्या सांगाड्यातला प्लास्टिकचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीच्या आत नव्हे, फिरवत मऊ करून हळू ओढायचा. ०.३ मि.मी.चा धागा निघतो. त्याच्या टोकाजवळ पेटती उदबत्ती नेली की टोक आपोआप गोल गाठ धरते. गाठ अर्ध्या मि.मी.ला पोचली की उदबत्ती दूर. मूठ लावताना सिमेंट चौकटीच्या बाहेरच्या अंगाला द्यावे, तांब्याला ते धरत नाही म्हणून तार आधी ०.३ च्या छिद्रात खोचून अॅक्रिलिक वॉर्निशच्या थेंबाने बसवावी.

दिव्यासाठी वॉर्म व्हाइट एलईडी, ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर, प्रत्येकाला स्वतंत्र ३३० ओहमचा रेझिस्टर. ३ व्होल्टच्या एलईडीला त्यातून सुमारे ६ मिलिअँपिअर मिळतात. हा प्रकाश मंद वाटला तरी शिंपल्यामागे तोच शोभतो. एलईडी खिडकीमागे थेट ठेवला तर तावदानावर गोल डाग पडतो. तो वर तोंड करून, छताच्या आतून लावलेल्या पांढऱ्या कार्डावर पाडावा. चौकटीच्या पाव मि.मी. पट्ट्यांतूनही प्रकाश झिरपतो. म्हणून पाठीमागच्या अंगाला तपकिरी रंगाआधी काळ्या रंगाचा एक हात आवश्यक आहे.

बसवणी

एमडीएफच्या भिंती ओलीने फुगतात आणि खिडकीच्या भोकाचे माप बदलते. जुन्या झडपा सुटण्याचे हेही एक कारण होते. भोकाच्या कापलेल्या कडांना सँडिंग सीलरचे दोन हात दिले, कारण एमडीएफ कडेनेच सर्वांत जास्त पाणी पितो, आणि प्रत्येक बाजूला ०.३ मि.मी. मोकळीक ठेवली. झडपा भिंतीला न चिकटवता स्टायरीनच्या स्वतंत्र चौकटीला जोडल्या आणि ती चौकट आतून दोन बारीक स्क्रूंनी धरली. तावदान खाचेत सोडल्यावर वरच्या तोंडाला वॉर्निशचा एकच ठिपका, मधोमध. तो सुईने सुटतो.

छप्पर उचलून, दोन स्क्रू काढून, तावदान वर ओढले की बाहेर येते. रंग उडाला वा फिल्म पिवळी पडली तर तेवढेच बदलायचे. आखलेली, रंगवलेली चार जादा तावदाने सिलिका जेलच्या पुडीसह बंद पाकिटात घालून बैठकीच्या खालच्या बाजूला ठेवली आहेत, आणि पाकिटावर मापे लिहिली आहेत: ८.८ × २९.३, ओळ १.२७५, रेषा वरच्या दिशेला घासावी.